घरच्या घरी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी दुरुस्त करून उभी करताय? पार्ट मागवायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्याकडे फियाट ११००, डिलाइट आणि प्रीमियर पद्मिनीचे ओरिजिनल टाइप पार्ट मिळतात, म्हणजे काचांची-दारांची रबरं, ब्रेकचा माल, पुढच्या चाकांचे किंगपिन-बुश, कार्ब्युरेटरची किट वगैरे. हे पत्रक आम्ही प्रत्येक ऑर्डरसोबत देतो कारण फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातली एक गोष्ट तर अगदी कळकळीने सांगायचीय: गाडीतून काढलेला एकही जुना पार्ट, नवा बसून गाडी नीट चालेपर्यंत भंगारात देऊ नका.

तुटका असो, गंजका असो, तुमच्या गाडीचं खरं माप त्याच पार्टमध्ये आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी या नावाने गाडी १९७४ पासून साधारण २००० सालापर्यंत बनत होती, त्याआधी जवळपास तीच बॉडी डिलाइट आणि प्रेसिडेंट या नावांनी यायची, आणि एवढ्या वर्षांत बाहेरून सारखी दिसणारी गाडी आतून बरीच बदलत गेली. बॅटरी चार्ज करायला जुन्यांना डायनॅमो, नंतरच्यांना अल्टरनेटर, स्टिअरिंगवरचा गिअर शेवटच्या काही गाड्यांत खाली फ्लोअरला आला. त्यात मधल्या मालकांनी आणि मिस्त्रींनी हाताला येईल ते लावलेलं असतं. त्यामुळे "पद्मिनीचं ब्रेकचं मास्टर सिलिंडर द्या" एवढंच सांगितलं तर आम्हालाही अंदाजच करावा लागतो.

आणि आता हे जास्त महत्त्वाचं झालंय. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर पार्टची चिंता नव्हती, हजारो टॅक्स्या म्हणजे रोजचं गिऱ्हाईक, कुठल्याही नाक्यावर क्लच प्लेट मिळायची. शेवटच्या टॅक्सीचं रजिस्ट्रेशन ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झालेलं, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तीही रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत चांगला माल निघतो अजून, पण शोधावा लागतो आणि वेळ लागतो.

आधी गंज, मग बाकी सगळं

इंजिन सगळ्यात आधी खोलावंसं वाटतं, आम्हाला कळतं ते, पण या १०८९ सीसीच्या इंजिनात तसं घाबरण्यासारखं काही नाही, चांगला फिटर मिळाला की ते उभं राहतं. गाडी मरते ती पत्र्याने. हिला वेगळी चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ कुजला असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे असं समजा. कोकणातली किंवा समुद्राजवळची गाडी असेल तर कार्पेट आणि खालचा डांबरी थर काढून बघितल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नका. वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, रिकामी असली तरी, कारण रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच जास्त धोक्याची. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा नको, लोखंडी स्टँडच पाहिजेत.

जुना कंपनी स्टॉक: लोखंड घ्या, रबर नको

कुणीतरी सांगतं की अमुक दुकानात कंपनीच्या डब्यातला सीलबंद माल पडलाय. पार्ट लोखंडाचा असेल, गिअर, बेअरिंग, दाराचं हँडल, तर डोळे झाकून घ्या, आमच्या मालापेक्षा तो चांगला असेल हे आम्ही स्वतः सांगतो. पण ब्रेकचे वॉशर, पंपाचा डायफ्राम म्हणजे रबरी पडदा, काचेचं रबर असं काही डब्यात वीस-पंचवीस वर्षं पडलेलं असेल तर ते न वापरताच म्हातारं झालेलं असतं, कडक होतं, चिरा जातात. ब्रेकमध्ये तर असलं रबर अजिबात नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा चाकातले ब्रेक दाबणारे सगळे व्हील सिलिंडर एकदमच खोला, एक गळतोय म्हणून एकच बदलला की पुढच्या महिन्यात शेजारचा गळतो. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीत, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

पेट्रोलच्या लाइनचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि या गाडीचं रबर त्या काळातलं, इथेनॉल त्याला फुगवतं, मऊ करतं, त्यात ते पाणी ओढून घेतं म्हणून उभ्या गाडीच्या टाकीला आणि कार्ब्युरेटरच्या वाटीला आतून गंज धरतो. आमच्या किटमधला पंपाचा डायफ्राम आणि होज हे पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचे आहेत, ते घ्या किंवा दुसरीकडून घ्या, पण तशाच रबराचे घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका. कार्ब्युरेटरच्या पितळी जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) तार घालून साफ करायची सवय बऱ्याच जणांना आहे, त्याने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल खाते, हवेच्या प्रेशरनेच साफ करा.

पुढच्या काचेचं रबर

सगळ्यात जास्त फोन याचेच. काम अवघड नाही, घाई नडते. रबर कुरिअरने गुंडाळून येतं, आल्या आल्या उघडा, मोकळं करून तासभर उन्हात ठेवा म्हणजे घड्या जातात. पेंट आधी, रबर नंतर, पण पेंटच्याही आधी एकदा कोरडंच लावून बघा. मग रबर काचेला चढवा, त्याची जोडणी खालच्या बाजूला मधोमध येऊ द्या, आणि पत्र्यावर बसणाऱ्या बाहेरच्या खाचेत जाड नायलॉनची दोरी पूर्ण फिरवून दोन्ही टोकं खाली एकमेकांवरून नेऊन मोकळी सोडा. खाचेला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. आता काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, टोकं गाडीच्या आत. एकजण बाहेरून तळहाताने दाबत राहील, दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढेल, जिथून दोरी निघते तिथे रबराची आतली कड पत्र्यावर चढत जाते. कोपऱ्यावर अडलं की जोर लावू नका, पुन्हा साबणाचं पाणी लावा आणि बाहेरच्याला नेमकं तिथे दाबायला सांगा. काच फुटते ती नेहमी कोपऱ्यावर जोर केल्यामुळे. एकट्याने हे करू नका, घरातलं कुणीही चालेल पण दुसरा माणूस हवा.

कागद

इंजिन नंबर, चेसी नंबरच्या जागी ग्राइंडर किंवा पुट्टी लागू देऊ नका, रंग बदलणार असाल किंवा इंजिन बदललं असेल तर आरसीवर नोंद करून घ्या. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पर्यावरण कर असतो. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रोज भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

ऑर्डर देताना

गाडीचं साल, आरसीवरचं मॉडेल आणि जुन्या पार्टचा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, दोन्ही बाजूंनी. या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरचे असतात, कुणी मध्ये दुसऱ्या आट्याचा बोल्ट ठोकून बसवला असेल तर तेही सांगा, आम्ही आटे सरळ करायचा टॅप कोणता लागेल ते कळवतो. पार्ट आला की जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा आणि फरक वाटला तर बसवायच्या आधी फोन करा. न बसवलेला माल आम्ही १५ दिवसांत बदलून देतो, कापलेलं रबर आणि वायर जोडलेला इलेक्ट्रिकचा माल मात्र परत घेता येत नाही.