‘स्लीप नो मोअर’: लिफ्टच्या पोकळीतून आलेला आवाज

‘कॉमसॅट एंजल्स’ या इंग्लिश रॉक बँडचा दुसरा अल्बम ‘स्लीप नो मोअर’ ऑगस्ट १९८१मध्ये आला, ब्रिटनमधल्या अल्बमविक्रीच्या यादीत ५१व्या क्रमांकापर्यंत गेला आणि मागे पडला. त्या वर्षांतल्या काळोख्या अल्बमांचा विषय निघाला की ठरलेली तीन-चार नावं घेतली जातात, त्यांत हे नाव सहसा नसतं. खरं तर त्यांतल्या निम्म्यांपुढे तरी हा अल्बम सरस ठरतो. त्याला ‘गॉथ’, म्हणजे उदास, काळोख्या रॉकच्या पंथातला, म्हणायचं की नाही हा वाद चालू द्यावा. लंडनमधला ज्याचा त्याचा लाडका गॉथ क्लब सुरू झाला तो १९८२च्या उन्हाळ्यात, तोवर हा अल्बम वर्षभर जुना झाला होता.

चौघे शेफील्डचे, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहराचे. नाव उचललं १९६८च्या एका विज्ञानकथेच्या शीर्षकावरून. १९७९मध्ये स्वतःच्या खर्चाने पहिली रेकॉर्ड काढली, मग मोठ्या कंपनीचा करार झाला आणि १९८०मध्ये पहिला अल्बम आला. त्याच वर्षी जानेवारी ते एप्रिल पोलादकामगारांचा देशव्यापी संप झाला, पण प्रत्येक उदास कॉर्डचं मूळ बंद भट्टीत शोधायची समीक्षकांची खोड इथे फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं हे, की शहरातले नावाजलेले बाकी बँड सिंथेसायझरकडे वळले असताना हे गिटार-बास-ड्रमला धरून राहिले. कीबोर्ड होता, पण तो बहुतेक वेळा मागे एक स्वर धरून उभा असायचा.

पहिल्या अल्बमचा आवाज कोरडा आणि आटोपशीर आहे. दुसऱ्याच्या पहिल्याच गाण्यात, ‘द आय डान्स’मध्ये, ड्रम सुरू होतात आणि जागाच बदलल्यासारखी वाटते. ती खरोखरच बदलली होती. कंपनीच्या लंडनमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना ड्रमचा आवाज इमारतीतल्या लिफ्टच्या उभ्या पोकळीत घुमवून टिपला गेला. कल्पना अगदीच नवी नव्हती. दहा वर्षांपूर्वी एका गाजलेल्या रॉक बँडने जुन्या वास्तूच्या जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडून वरून माइक सोडले होते. पण १९८०-८१मध्ये लंडनमधली फॅशन नेमकी उलटी होती: ड्रमवर भरपूर घुमारा चढवायचा आणि तो विरायच्या आत यंत्राने कचकन तोडायचा. ‘स्लीप नो मोअर’मध्ये घुमारा आपोआप विरू दिला आहे.

याचे परिणाम गाण्यांच्या बांधणीत ऐकू येतात. घुमारा लांबला की लय धीमी ठेवावी लागते, नाहीतर एक ठोका दुसऱ्यावर चढतो. खालचे स्वर ड्रमने अडवले की बासला सरकून चाल वाहावी लागते, आणि गिटारला उरतात त्या फटी. ‘गॉन’मध्ये गिटार किती कमी वाजते ते मोजून पाहावं. वातावरण म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते बरंचसं असं न वाजवण्यातून आलं आहे.

खरा वाद आहे तो ‘आय ऑफ द लेन्स’चा. हे गाणं १९८१मध्येच सुटी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून आलं. बँडचं ते सर्वांत धारदार गाणं, तरी अल्बमच्या दहा गाण्यांत ते नाही. गाजू शकेल असं गाणं बाहेर ठेवून अल्बमची विक्री आपल्या हाताने बुडवली, असं म्हणणारे आजही आहेत. हिशेब म्हणून ते पटतंही. पण ते गाणं कुठे बसवणार? पहिल्या बाजूला ‘बी ब्रेव्ह’च्या आसपास घातलं तर लय उसळते, आणि ‘डार्क परेड’पर्यंत साचत जाणारा दाब तिथेच सुटतो. दुसऱ्या बाजूला ‘अवर सीक्रेट’नंतर काहीच नको असतं. नेमकं तिथेच सीडीच्या पुनःप्रकाशनांत ते जोडलं गेलं. शेवटचा स्वर विरतो न विरतो तोच हे गाणं अंगावर येतं. गाळण्याचा निर्णय बरोबर होता याला याहून चांगला पुरावा नाही, पण विरुद्ध बाजू हाच पुरावा आपला म्हणून दाखवते.

पुढची हकीकत लवकर सांगून होते. १९८१मध्येच त्यांनी ‘यू टू’ या आयरिश बँडच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी वाजवायचं काम केलं. १९८२चा तिसरा अल्बम ९४व्या क्रमांकावर अडला आणि कंपनीची साथ सुटली. नव्या कंपनीकडे आवाज गुळगुळीत झाला. १९८०चं ‘इंडिपेंडन्स डे’ पुन्हा ध्वनिमुद्रित करून बाजारात आणलं गेलं. अमेरिकेत तर नावच गेलं: दळणवळणाचे उपग्रह चालवणाऱ्या तिथल्या ‘कॉमसॅट’ याच नावाच्या कंपनीने हरकत घेतली आणि रेकॉर्डवर ‘सी. एस. एंजल्स’ छापावं लागलं. विज्ञानकथेतून घेतलेल्या नावावर खऱ्या उपग्रहवाल्यांनी हक्क सांगावा, हा योग कुणी रचूनही जमला नसता.

१९९५पासून हा अल्बम तीनदा तरी नव्याने निघाला आणि प्रत्येक वेळी ‘दुर्लक्षित’ हे विशेषण त्याला चिकटलं. २००९मध्ये बँड शेफील्डच्या एका महोत्सवात पुन्हा एकत्र आला. मधल्या काळात बासवादक संगीतनिर्माता झाला होता, आणि गायकाने एका तरुण बँडचं व्यवस्थापन हाती घेतलं होतं. त्या बँडच्या पहिल्याच अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी ब्रिटनमध्ये दिलं जाणारं मर्क्युरी पारितोषिक १९९८मध्ये मिळालं.