कलाकाराचा मुलूख की पायाखालचा मुलूख?

कॅनबेऱ्यात संसद भवनासमोरच्या चौकात जमिनीवर ग्रॅनाइटचं एक प्रचंड मोझेक आहे. सिडनीत ऑपेरा हाउसशेजारच्या उंच हिरवळीवर संगमरवराची एक चंद्रकोर उभी आहे. दोन्ही कामं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलाकारांची, दोन्ही भर शहरात, आणि दोन्हींची ओळख ‘कंट्रीशी असलेलं नातं’ अशीच करून दिली जाते. त्यामुळे बघणारा दोन्ही एकाच माळेत ओवतो. पण नातं कुणाच्या कंट्रीशी, हे विचारलं की वाटा वेगळ्या होतात.

कंट्री म्हणजे इथे राष्ट्र नव्हे. आपण ‘देशावरचा’ आणि ‘कोकणातला’ म्हणतो, त्यातला ‘देश’ थोडा जवळ जातो. पण कंट्री त्याहून खोल आहे. जमीन, पाणी, आभाळ, झाडं, प्राणी, पूर्वज आणि कुणी काय करायचं याचे नियम, हे सगळं मिळून कंट्री. ती ठरावीक लोकांची असते आणि ते लोक तिचे असतात. इंग्रज आले तेव्हा या खंडावर २५० हून अधिक भाषा होत्या. ‘आदिवासी कला’ असं एकच गाठोडं बांधलं की हे सगळे मुलूख पुसले जातात. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

कॅनबेऱ्याचं मोझेक १९८८ चं. मूळ चित्र मायकल नेल्सन जागामारा यांचं. ते वार्लपिरी लोकांपैकी, मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातले. (२०२० मध्ये ते गेल्यावर त्यांचा उल्लेख कुमान्त्ये जागामारा असा होऊ लागला, गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, अशी तिकडची रीत आहे.) सुमारे ९०,००० दगडी तुकडे बसवून ते चित्र जमिनीवर उतरवलं. मधल्या वर्तुळांकडे पूर्वजांच्या पावलांच्या वाटा येतात, म्हणजे एकत्र जमण्याची जागा. संसदेसमोर शोभावं असंच चित्र. पण ही वाळवंटाची भाषा आहे आणि कॅनबेरा वाळवंटात नाही. कलाकाराने आपला मुलूख राजधानीच्या दारात आणून मांडला. त्यावर त्यांचाच अधिकार होता, आणि तो त्यांनी दाखवूनही दिला: १९९३ मध्ये जमिनीच्या हक्काचा वाद पेटला तेव्हा निषेध म्हणून मोझेकमधला एक दगड त्यांनी स्वतः काढला.

वाळवंटातली ही चित्रं ठिपक्यांनी ओळखली जातात, आणि ठिपक्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. वाळवंटात पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथल्या पुरुषांनी १९७१ मध्ये शाळेच्या भिंतीवर आणि मग फळ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली, आणि पुढे ती शैली जगभर गेली. मराठी माणसाला ती बघून वारली आठवते, पण साम्य वरवरचं आहे. वारलीत माणसं, लग्नाचा चौक, तारपा नाच समोर दिसतो. वाळवंटातल्या चित्रात जमीन वरून पाहिलेली असते: वर्तुळ म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, घोड्याच्या नालेसारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. हेच ठिपके सिडनीच्या एखाद्या भिंतीवर कुणीही ‘स्थानिक’ म्हणून रंगवले, तर ते साफ चूक आहे.

सिडनीची चंद्रकोर बघा. नाव ‘बारा’, काम जुडी वॉटसन यांचं, साल २०२२. ‘बारा’ हा आकडा नव्हे. सिडनीच्या मूळ भाषेत बारा म्हणजे शंखापासून केलेला मासे धरायचा गळ. बंदरातले पुरुष भाल्याने मासे मारत, बायका गळाने. जाड गोल शंखाचा तुकडा वालुकाश्मावर घासत घासत त्याला चंद्रकोरीचा आकार द्यायचा. झाडाच्या सालीच्या तंतूंची दोरी वळायची. मग सालीच्याच होडीत बसून, मधे मातीच्या थरावर विस्तव ठेवून, कडेवरची पोरं सोबत घेऊन पाण्यात जायचं. हातात मावणारा तो गळ वॉटसन यांनी माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर जाईल एवढा केला, आणि ज्या पाण्यात तो पडायचा त्याच पाण्याच्या वर उभा केला. एकही ठिपका नाही.

आता गंमत अशी की वॉटसन स्वतः सिडनीच्या नाहीत. त्या वान्यी, क्वीन्सलंडच्या वायव्य भागातल्या. म्हणजे कलाकार कुठला यावरून फरक ठरत नाही. त्यांनी वान्यी खुणा इथे आणून लावल्या नाहीत, ही जागा ज्या गॅडिगल लोकांची आहे त्यांच्या बायकांची वस्तू पुढे केली. १९९५ चं ‘एज ऑफ द ट्रीज’ हे कामही याच वाटेवरचं. फियोना फोली आणि जॅनेट लॉरेन्स यांनी सिडनीतल्या पहिल्या गव्हर्नरच्या घराच्या जागी लाकूड, दगड आणि पोलादाचे २९ खांब उभे केले. त्यांवर इथल्या झाडांची नावं लॅटिनबरोबर इथल्या भाषेतही आहेत, आणि मधून चालताना जुन्या जागांची नावं कानावर येतात.

मला दोन्ही प्रकार हवेत. पण वाळवंटाचं मोझेक पाहून कॅनबेऱ्याची माती कळली, असं म्हणता येणार नाही.

‘बारा’च्या खाली जो भूशिर आहे, त्याचं जुनं नाव डुबागली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग होते. वसाहतीला चुना हवा होता, म्हणून ते जाळले गेले. सिडनीच्या सुरुवातीच्या विटा त्या चुन्याने सांधल्या आहेत.