बाळाच्या पोटात जिवाणू येतात कुठून?

म्युनिकमधले बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश १८८५च्या सुमारास तान्ह्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्या काळी जुलाबांनी कितीतरी बाळं दगावत. रोगाचा जंतू ओळखायचा, तर निरोगी बाळाच्या आतड्यात काय असतं हे आधी कळायला हवं होतं. जन्मानंतरच्या पहिल्या काळपट शीत त्यांना जिवाणू सापडले नाहीत, काही तासांनी मात्र दिसू लागले. म्हणजे ते बाहेरून येत होते. त्यांतल्याच एकाला आज आपण ई. कोलाय म्हणतो; त्यातला ‘ई’ एशरिश यांच्या नावाचा.

पुढे १९००च्या आसपास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत फाटे फुटलेले जिवाणू दिसले. हेच बिफिडोबॅक्टेरियम. ते तिथेच का फोफावतात, याचा उलगडा व्हायला अनेक दशकं गेली. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत, त्या या जिवाणूंचं खाद्य आहेत. आई एकट्या बाळाला पाजत नसते, ही मला या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

व्हेनेझुएलातल्या नवजात बाळांवरचा अभ्यास २०१०मध्ये आला. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांवर आईच्या योनिमार्गातले जिवाणू होते, तर सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवर आढळणारे. यावरून सिझेरियन झालेल्या आयांना बोल लावणं अन्यायाचं आहे. पुढच्या काही महिन्यांत हा फरक बराच कमी होतो.

खरी अडचण पुराव्याची होती. दोन शेतांत ज्वारी दिसली म्हणून बियाणं एकमेकांकडूनच घेतलं असं ठरत नाही. तसंच दोघांच्या पोटात ई. कोलाय असणं ही काही देवाणघेवाणीची खूण नव्हे. त्यासाठी वाण, म्हणजे त्याच जातीतला नेमका उपप्रकार, जुळावा लागतो, आणि तो डीएनए बारकाईने वाचल्यावरच कळतो. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या गटाने २०२३मध्ये वीस देशांतले ९ हजारांहून अधिक नमुने असे वाचले. पहिल्या वर्षात आई आणि बाळ दोघांच्याही आतड्यात आढळलेल्या जातींपैकी सुमारे निम्म्यांचा वाण एकच निघाला. एका घरात राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण आतड्यासाठी १२ टक्के, तोंडातल्या जिवाणूंसाठी ३२ टक्के होतं. म्हणजे बाळपण सरल्यावरही देवाणघेवाण चालूच राहते.

होंडुरासच्या १८ दुर्गम खेड्यांतल्या पाहणीने २०२४मध्ये घराचा उंबराही ओलांडला. वेगळ्या घरांत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींमध्येही समान वाण सापडले, आणि वरचेवर एकत्र जेवणाऱ्यांमध्ये ते जास्त होते.