जुन्या मोटारीतील मिसिंगचे निदान

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण वेळेवर किंवा मुळीच न पेटणे म्हणजे मिसिंग. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये एक सिलिंडर बंद पडला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि गाडी उभी असतानाही थरथरते. चार सिलिंडरच्या प्रीमियर पद्मिनीत तोच दोष सपाट रस्त्यावर कधी कधी लपून राहतो. तो उघडकीस आणायला पुणेकरांना कात्रज किंवा दिवे घाटाचा चढ जवळच आहे. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते आणि कमजोर प्लग किंवा कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारे वेटोळे) तिथे उघडी पडते. याउलट आयडलला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) मिसिंग असून रेस दिल्यावर ती जात असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा ओढली जाणे, कार्बोरेटरमधला आयडल जेट (आयडलला पेट्रोल देणारे बारीक छिद्र) तुंबणे किंवा व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट जास्त घट्ट असणे यांचा संशय आधी घ्यावा.

नाना पेठेच्या बाजारात सुटे भाग हाताशी असल्याने प्लग, पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा भाग), डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप असा सगळा संच एकदम बदलण्याचा मोह होतो. हे चुकीचेच आहे. चार भाग एकाच वेळी बदलले की दोष कशात होता ते कळत नाही, आणि नवा कंडेन्सर जुन्याहून चांगला निघेलच याची खात्री नसते.

पहिला प्रश्न एकच: कोणता सिलिंडर मारत नाही, म्हणजे पेट घेत नाही? कार्बोरेटर आणि पॉइंटच्या गाडीत इंजिन आयडलला ठेवून इन्सुलेटेड पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढतात. वायर काढताच इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर चालू आहे. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. (इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत वायर अशी मोकळी सोडू नये; कॉइल, मॉड्यूल किंवा कन्व्हर्टर जाऊ शकतो.)

मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदलून बघावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायरही तशीच शेजारच्या वायरीशी बदलून तपासावी. काढलेला प्लग नीट निरखावा. फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, पेट्रोलने ओला म्हणजे बहुधा ठिणगीच नाही, आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील संपत आले आहेत. पॉइंटचे अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. वायरी काढून लावताना सिलिंडर पेटण्याचा क्रम चुकला तर नवीच मिसिंग सुरू होते. पद्मिनीचा क्रम १-३-४-२, मारुती ८०० चा १-३-२.

पुण्याच्या पावसाळ्यात सकाळी मिसिंग असून इंजिन तापल्यावर जात असेल, तर डिस्ट्रिब्युटर कॅपमधला ओलावा पुसून आत केसासारखी काळी रेघ आहे का ते पाहावे. त्या रेघेतून ठिणगी भलतीकडे पळते. अशी कॅप टाकून द्यावी. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहिले तर फुटक्या वायरीवर निळसर ठिणग्या दिसतात.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही सिलिंडर मेलेलाच असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केट त्या दोघांमध्ये फाटले असण्याची शक्यता सर्वांत जास्त.