वैदर्भी आणि वैदर्भीय

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की केटररच्या पत्रकांवर ‘अस्सल वैदर्भी जेवण’ असे शब्द दिसू लागतात आणि त्याखाली पाटवडी-रस्सा, गोळाभात, वडाभात अशी यादी असते. पदार्थ अस्सलच असतात, शब्द मात्र दुसऱ्या पंगतीतला आहे. तेथे ‘वैदर्भीय’ हवे. ‘वैदर्भी’ हे नाव संस्कृत काव्यशास्त्राने एका लेखनशैलीला, म्हणजे ‘रीती’ला, दिलेले आहे, आणि ती शैली म्हणजे नितळ, सुकुमार, कानाला गोड आणि अर्थाला स्वच्छ अशी रचना.

घोटाळा ‘ई’ या प्रत्ययामुळे होतो. नागपूरचे ते नागपुरी, वऱ्हाडचे ते वऱ्हाडी, कोल्हापूरचे ते कोल्हापुरी. मग विदर्भाचे ते वैदर्भी, असे मराठी कानाला सहज वाटते. पण केवळ मराठी प्रत्यय लागला असता तर शब्द ‘विदर्भी’ झाला असता. पहिल्या अक्षरातला ‘वै’ संस्कृत वृद्धीचा, म्हणजे ‘इ’चा ‘ऐ’ होण्याचा आहे. विदर्भाचा तो वैदर्भ, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप वैदर्भी. म्हणून दमयंती, रुक्मिणी आणि इंदुमती या विदर्भाच्या तिन्ही राजकन्या वैदर्भी ठरतात. (मुलीचे नाव म्हणून हा शब्द आजही ठेवतात, आणि तो तिथे अगदी नेमका बसतो.) ‘रीती’ स्त्रीलिंगी म्हणून ‘वैदर्भी रीती’, तर ‘मार्ग’ पुल्लिंगी म्हणून ‘वैदर्भ मार्ग’. नपुंसकलिंगी जेवणाला वैदर्भी म्हणणे त्यामुळे व्याकरणालाही पचत नाही. ‘वैदर्भीय’ला ही अडचण नाही, कारण मराठीत ते रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही: वैदर्भीय माणूस, वैदर्भीय बोली, वैदर्भीय पाणी. ‘वैदर्भ’ पुरेसे असताना वर आणखी ‘ईय’ कशाला, असे एखादा काटेकोर वैयाकरण विचारील. परंतु वर्तमानपत्रांनी आणि भाषणांनी हे रूप इतके रुळवले आहे की आता त्याशी भांडण्यात अर्थ नाही.

या रीतीचा इतिहास अधिक रंजक आहे. सातव्या शतकाच्या आसपास काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त वैदर्भ आणि गौडीय असे दोन मार्ग सांगितले आणि श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ती, उदारता, ओज, कांती आणि समाधी हे दहा गुण वैदर्भ मार्गाचे प्राण मानले. पुढे इसवी सन ८००च्या सुमारास काश्मीरच्या वामनाने ‘रीतिरात्मा काव्यस्य’ अशी घोषणा करून वैदर्भी, गौडीया आणि पांचाली अशा तीन रीती मांडल्या. त्यांपैकी सगळे गुण एकत्र नांदतात ती वैदर्भी. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने लक्षण आटोपशीर केले: माधुर्य व्यक्त करणारे वर्ण, ललित रचना, आणि समास एकतर नाहीत किंवा थोडेच. मराठीत नमुना करून पाहायचा तर ‘अंबाझरीच्या पाण्यावर चांदणे उतरले होते’ हे वाक्य वैदर्भीच्या वाटेवरचे, आणि ‘शरच्चंद्रचंद्रिकाधवलिततरंगमालाविभूषित अंबाझरी सरोवर’ हे गौडीच्या, म्हणजे लांब समासांच्या गौडीया रीतीच्या. मात्र सोपे ते सारे वैदर्भी, असा अर्थ कोणी काढू नये. दंडीच्या यादीत ओजही आहे, आणि सपक वाक्याला कोणत्याच रीतीत जागा नाही.

मग या शैलीला विदर्भाचेच नाव का? ही शंका वामनाने स्वतःच उपस्थित केली. एखाद्या मुलखात विशिष्ट पदार्थ पिकावा तसे काव्याचे गुण देशामुळे उपजतात काय? त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. विदर्भ वगैरे देशांतल्या कवींमध्ये ती रीती आढळली म्हणून तिला ते नाव पडले, एवढेच. विदर्भाची काव्यातली ख्याती मोठी होती, यात मात्र शंका नाही. नागपूरजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य केलेल्या वाकाटकांपैकी दुसऱ्या प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य रचले, आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा, म्हणजे मूर्तिमंत काव्याचा, साहित्यविद्येशी विवाह लावला तो विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिमात. याच नगराच्या नावावरून ‘कर्पूरमंजरी’त या रीतीला ‘वच्छोमी’ असे प्राकृत नाव आले आहे.

तरीही रीती आणि प्रांत यांची फारकत लवकर झाली. वैदर्भीचा आदर्श म्हणून परंपरा कालिदासाकडे बोट दाखवते. त्याच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी म्हणजे आपला रामटेक, असे मत संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडले असले, तरी कवीचा जीव उज्जयिनीत गुंतलेला दिसतो. उलट भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे जन्माने पक्का वैदर्भीय; पण ‘मालतीमाधवा’तल्या स्मशानाच्या वर्णनात त्याने लांबलचक समासांची खडखडीत गौडी वापरली आहे, आणि ती तिथे शोभतेही. दहाव्या शतकाच्या सुमारास कुंतकाने तर देशांवरून रीतींची नावे ठेवणेच नाकारले आणि सुकुमार, विचित्र व मध्यम अशी कविस्वभावावर आधारलेली नावे सुचवली. तरी ‘वैदर्भी’ हे नाव टिकले ते टिकलेच.

म्हणून ‘या कादंबरीची भाषा वैदर्भी आहे’ असे वाक्य परीक्षणात आले, तर ती भाषा प्रासादिक आणि अल्पसमास आहे, असा अर्थ होतो. पात्रे ‘काहून’ आणि ‘कायले’ म्हणत बोलतात, एवढेच सांगायचे असेल तर वैदर्भीय बोली म्हणावे, किंवा नेमके नाव घ्यावे: अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी, इकडची नागपुरी, भंडारा-चंद्रपूरकडची झाडीबोली. आणि केटररला वैदर्भीय हा शब्द जड वाटत असेल, तर ‘विदर्भाचे जेवण’ हे शब्द आहेतच. समासही नाही आणि अर्थही स्वच्छ, म्हणजे पत्रक तेवढ्यापुरते खरोखरच वैदर्भी रीतीचे होईल.