आफ्रिकी चेरी

(लॅ. प्रूनस आफ्रिकाना, कुल–रोझेसी). आफ्रिकेच्या डोंगराळ वनांतील मोठा सदापर्णी वृक्ष. प्रसार इथिओपिया, केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत. पश्चिमेस कॅमेरून व बिओको बेट, पूर्वेस मादागास्कर. साधारणपणे १,०००–२,५०० मी. उंचीवर आढळतो. उंची ३०–४० मी.पर्यंत जाते. साल काळपट, आयताकार खवल्यांत फाटलेली. पाने चकचकीत, देठ गुलाबी, पान चुरगळल्यास कडू बदामाचा वास येतो. फुले लहान, पांढरट, मंजरीत. आठळीयुक्त फळ कडू असते, पण माकडे व पक्षी ते आवडीने खातात.

वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत. गुस्ताफ मान यांनी (हेच पुढे आसामात वनाधिकारी होते) कॅमेरून पर्वतावर गोळा केलेल्या वनस्पतींवरून जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८६४ च्या सुमारास ‘पायजियम आफ्रिकानम’ हे नाव दिले. पायजियम वंशातील इतर बहुतेक जाती आशियाई असून त्यांपैकी काही पश्चिम घाट व श्रीलंकेतही आहेत. कॉर्नेलिस काल्कमान यांनी १९६५ मध्ये हा वंश प्रूनसमध्ये, म्हणजे सप्ताळू-बदामाच्या वंशात, समाविष्ट केला. जनुकीय अभ्यासही याच बाजूने झुकतो, म्हणून येथे तेच नाव स्वीकारले आहे. औषधव्यापारात मात्र ‘पायजियम’च चालते. आशियाई आप्तांपासून हा वृक्ष आफ्रिकेत केव्हा पोहोचला, याविषयी निश्चित विधान करणे कठीण. आफ्रिकेपुरते पाहता, पश्चिम युगांडातील झाडे केनियातील झाडांपेक्षा कॅमेरूनकडील झाडांना जवळची दिसतात. यावरून पूर्व व पश्चिमेकडील उंच प्रदेश एकेकाळी वनांनी जोडलेले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लाकूड कठीण व जड. सालीचा काढा स्थानिक वैद्यकात पूर्वापार वापरात आहे. अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथीच्या वृद्धीवरील उपचारासाठी सालीच्या अर्काचे फ्रान्समध्ये १९६६ मध्ये एकस्व (पेटंट) घेतले गेले आणि सालीची निर्यात वाढली. अर्कामुळे मूत्रविषयक तक्रारी काहीशा कमी होतात असे चाचण्यांत दिसले. पण बहुतेक चाचण्या लहान व अल्पमुदतीच्या आहेत.

खोडाच्या समोरासमोरच्या दोन चतुर्थांश पट्ट्यांतूनच साल काढावी व ती भरून येईपर्यंत झाडाला हात लावू नये, अशी पद्धत कॅमेरूनमध्ये घालून देण्यात आली. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलल्यास बहुधा झाड वाळते; तरीही तसे सर्रास झाले. १९९५ पासून सायटीस या संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टान्वये व्यापार नियंत्रित आहे. लागवड बियांपासून होते. बी वाळवून दीर्घकाळ साठवता येत नसल्याने ताजेच पेरतात.