दुसरा मग कशासाठी? लाकडावर क्लिअर इपॉक्सी ओतण्याआधी वाचायचं पत्रक

आमच्याकडून लाकडावर काचेसारखा थर देणाऱ्या क्लिअर इपॉक्सीचा किट नेला की पिशवीत दोन डबे (एक रेझिनचा, एक हार्डनरचा), ढवळायची एक पट्टी आणि प्लॅस्टिकचे दोन मग निघतात. "काम एकात होतंय की, दुसरा कशाला?" हे रोज कोणीतरी विचारतंच. मग आठवड्याभराने फोन येतो, "टॉप अजून चिकट लागतोय, हार्डनर जुनं होतं का?" आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो दुसऱ्या मगाचा. बहुतेक वेळा तो कोराच पडलेला असतो.

तुम्ही रंधा, पॉलिश पेपर, सीलर यांत मुरलेले आहात असं धरूनच हे लिहितोय. पण लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडतं, मेलामाइनचं थिनर उडतं आणि थर वाळतो. इपॉक्सीतून जवळजवळ काहीच उडत नाही. रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचा मिळून तिसराच कडक पदार्थ होतो. म्हणून पंखा लावून, उन्हात ठेवून ते 'वाळवता' येत नाही. जे व्हायचं ते मगात ठरतं.

हार्डनर 'थोडं जास्त' टाकू नका

वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त जातो तो या एका चुकीत, म्हणून यावरच जास्त बोलतो.

फायबरचं काम केलेल्या मिस्त्रींना पॉलिस्टर रेझिनची सवय असते. त्यात कॅटॅलिस्ट शंभराला एक-दोन टाकायचं आणि थंडी असली की चार थेंब वाढवायचे. तिथे ते चालतं, कारण कॅटॅलिस्ट म्हणजे विरजण. थोडं कमी-जास्त पडलं तरी दही लागतं. इपॉक्सीचं हार्डनर विरजण नाही. इथे फुगडीचा हिशोब आहे, प्रत्येकीला जोडीदारीण लागते. हार्डनर जास्त पडलं की त्याचे उरलेले हात मोकळेच राहतात. थर लवकर सेट होणं दूरच, तो मऊ आणि चिकट राहतो, पिवळाही पडतो. रेझिन जास्त पडलं तरी तीच गत.

दुसरी सवय अराल्डाइटच्या ट्यूबची. घरोघरी ते निम्मं-निम्मं पिळून कालवलं जातं. कोटिंगचे किट बहुतेक वेळा निम्मे-निम्मे नसतात. आम्ही देतो तो मापाने २:१ आहे, म्हणजे दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर.

आता खरी गोम. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाने २:१ असलेला हा किट वजनाने १००:४३ पडतो. नीटनेटकेपणाने काटा वापरणारे काही ग्राहक वजनानेही २:१ घेतात, म्हणजे १०० ग्रॅमला ५० ग्रॅम. हार्डनर जवळजवळ सहाव्या हिश्श्याने जास्त झालं! मेहनत करून चूक झाली की माणसाला फार वाईट वाटतं, तेव्हा डब्यावर प्रमाण मापाचं छापलंय की वजनाचं, ते आधी वाचा. आमच्या डब्यांवर दोन्ही छापलेली असतात. दुसऱ्या कंपनीचा माल असेल तर प्रमाण वेगळं असू शकतं, आमचा आकडा त्याला लावू नका.

काटा एक ग्रॅम दाखवणारा हवा. भाजीचा काटा चालत नाही. आणि एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा कमी माल कालवू नका, कारण तिथे दोन ग्रॅमचा फरकही जड जातो.

प्रमाण बरोबर असूनही चिकट राहतं ते ढवळण्यामुळे. मागच्या पावसाळ्याआधी एक गृहस्थ आंब्याच्या फळीचा टीपॉय रिक्षातून घेऊन आले. टॉप काचेसारखा झाला होता, फक्त एका कोपऱ्यात बोट रुतत होतं. तो डाग अगदी गोल होता, मगाच्या तोंडाएवढा. मी विचारलं, "ओतून झाल्यावर मग इथे उपडा घातला होता का?" ते म्हणाले, "हो, थेंबही वाया जाऊ नये म्हणून."

मगाच्या कडांना आणि तळाच्या कोपऱ्यात जो माल चिकटलेला असतो त्याला पट्टी नीट लागलेली नसते. तिथे कुठे नुसतं रेझिन असतं, कुठे नुसतं हार्डनर. मग उपडा घातला की तोच अर्धवट माल शेवटी फळीवर उतरतो आणि आयुष्यभर सेट होत नाही. दुसरा मग यासाठीच. पहिल्यात तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ पट्टीने खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या कोरड्या मगात ओता आणि कडा खरवडून आणखी एक मिनिट ढवळा. फळीवर ओतायचं ते या मगातून. खाली उरतं ते खरवडायचं नाही, ते उरू द्यायचं. ड्रिलला पंखा लावून ढवळू नका, ताक घुसळल्यासारखा फेस येतो.

चिकट राहिलंच तर

लगेच वरून दुसरा कोट ओतू नका, आधी बोट लावून बघा. सगळा टॉप सारखाच मऊ असेल आणि थंडी असेल, तर खोली २५ अंशांच्या आसपास ठेवून तीन दिवस थांबा. तरीही मऊच असेल तर प्रमाण चुकलंय. सगळं कडक आणि मध्येच डाग मऊ असतील तर ढवळणं कमी पडलंय. या दोन्हींत चिकट माल पत्रीने (स्क्रॅपरने) पूर्ण काढायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचा, ते उडून गेल्यावर २२० नंबरचा पेपर मारायचा आणि मग नवा कोट द्यायचा. दुसरा सोपा मार्ग नाही.

थर खाली कडक आहे पण वर मेणचट लागतंय, तर तो पावसाळ्याचा प्रताप. दमट हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी मिळून वर पांढरट थर धरतात. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाणी आणि घासणी पुरते. थिनर नको. आधी धुवायचं, मगच पेपर मारायचा, नाहीतर तोच मेणचटपणा खाली चोळला जातो. कोकणातल्या ग्राहकांना आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये मोठं काम बंद खोलीत, एसी किंवा डिह्युमिडिफायर लावूनच करायला सांगतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर थांबलेलं बरं.

कोटिंग घ्यायचं की कास्टिंग

काउंटरवर आम्ही जाडी किती, लाकूड कोणतं, ऊन येतं का, असे बरेच प्रश्न विचारतो. काही जणांना ती चौकशी वाटते, पण त्याशिवाय बरोबर डबा देताच येत नाही.

टेबलाच्या टॉपवर काचेसारखा थर हवा असेल तर कोटिंग. ते दाटसर असतं, एका वेळी फार तर ३ मिलिमीटर ओतायचं. रिव्हर टेबलची, म्हणजे दोन फळ्यांच्या मधली नदीसारखी, दोन इंच खोल दरी भरायची असेल तर कास्टिंग रेझिन लागतं. ते पातळ असतं आणि सावकाश सेट होतं, दोन-तीन दिवसही घेतं. कोटिंग लवकर होतं म्हणून तेच दरीत ओतणारे आहेत. इपॉक्सी सेट होताना स्वतः उष्णता सोडतं आणि जाड थरात ती कोंडते. माल धुमसतो, पिवळा पडतो, तडकतो. मगातही तेच होतं. कालवलेला माल मगात ठेवून फोनवर बोलत बसलात तर मग हातात धरवत नाही. डब्यावर छापलेला कामाचा वेळ २५ अंशांचा असतो. तापमान दहा अंशांनी चढलं की तो साधारण निम्मा होतो, म्हणून नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींना उन्हाळ्यात आम्ही स्लो हार्डनरच देतो. माल कालवला की लगेच फळीवर पसरा, पसरल्यावर त्याला जास्त वेळ मिळतो.

माल किती लागेल? २ मिलिमीटर थराला १ स्क्वेअर फुटाला साधारण २०० ग्रॅम. म्हणजे २ × ४ फुटांच्या टॉपला दीड-पावणेदोन किलो, शिवाय कडांवरून ओघळणारं वेगळं. कमी घेऊन मध्येच पुन्हा दुकानात धावण्यापेक्षा फळीचं माप घेऊन या, आम्ही हिशोब काढून देतो.

बुडबुडे, आणि संध्याकाळचं काम

बुडबुडे ढवळण्यातून कमी आणि लाकडातून जास्त येतात. लाकडात हवा असते. सकाळी ऊन चढत जातं तशी फळी तापते, आतली हवा फुगते आणि थरातून वर येते. संध्याकाळी फळी थंड होत असते, तेव्हा ती हवा आत ओढते. म्हणून आम्ही दुपार कलल्यावर ओततो. त्याआधी एक पातळ सील कोट ब्रशने किंवा पत्रीने चोळून द्या. तो बोटाला चिकट लागतो पण माल बोटावर येत नाही, अशा वेळी वरचा कोट दिला की दोन्ही एकजीव होतात. रात्र उलटली तर मात्र २२० चा पेपर मारावा लागेल.

साग असेल तर त्याचं तेल आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांखाली हवा. मीटर आमच्याकडे आहे, तुकडा आणा, मोजून देतो, पैसे नाहीत. फळी पाणसळीत ठेवा, कारण इपॉक्सी स्वतः समपातळी धरतं आणि उतार असेल तर एका बाजूला जमतं. वरचे बुडबुडे घालवायला गॅस टॉर्च हलवत, एका जागी न थांबता फिरवा. त्या वेळी जवळपास अ‍ॅसिटोनची बाटली किंवा फडकं नको.

जे आम्ही आधीच सांगतो

क्लिअर इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. यूव्ही रोधक घातलेलं असलं तरी सावकाश पडतंच. आमच्या काउंटरची फळी आंब्याची आहे आणि तिच्यावर टॉप कोट मुद्दाम दिलेला नाही. वजनकाटा उचलून बघा, खालचा चौकोन अजून स्वच्छ आहे आणि भोवतालचा भाग मधासारखा झालाय. बाहेरचं दार, गॅलरीतलं टेबल, पश्चिमेची खिडकी असेल तर वरून उन्हात टिकणारा पीयू (पॉलियुरेथेन) कोट द्यावाच लागतो. तो आम्ही ठेवतो, पण घरातल्या कामाला उगाच गळ्यात मारत नाही.

साध्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे नरम पडू लागतं. कुकर किंवा कढई थेट ठेवली की वळ उठतो, खाली काहीतरी घ्या. पोळपाट आणि भाजी चिरायची फळी यांसाठी आम्ही इपॉक्सी विकत नाही. सुरीने थर खरवडला जातो आणि तो जेवणात जातो. त्यांना खाण्यालायक तेल किंवा मेण बरं.

हातात नायट्राइलचे मोजे घाला. कच्चा माल अंगाला लागला तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नको, थिनर त्याला कातडीत आणखी आत नेतं. एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती जात नाही.

थंडीत रेझिन गढूळ, रवाळ झालं तर ते खराब झालेलं नसतं, तुपासारखं थिजलेलं असतं. झाकण घट्ट लावून डबा गरम पाण्यात ठेवा, पूर्ण स्वच्छ झाल्यावर आणि गार झाल्यावरच वापरा.

सुटा माल आम्ही देत नाही. बाटलीत ओतून दिला की प्रमाणाचं लेबल मागे राहतं. फोडलेला डबाही परत घेत नाही. हे कडक वाटतं, मान्य आहे, पण कुणी कसा ठेवला होता हे न कळता तो माल दुसऱ्या घरी पाठवणं आम्हाला जमत नाही. बाजारात याहून स्वस्त माल मिळतो. काहींत पातळपणासाठी असं द्रव्य घातलेलं असतं जे जोडी न करता तसंच आत राहतं, आणि थर कायमचा जरा नरम राहतो. घ्यायचाच असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर ओता, आठ दिवसांनी नख दाबून बघा. आमच्या मालावरही हेच करा. पूर्ण सेट व्हायला सात दिवस लागतात, त्याआधी टॉपवर जड सामान ठेवू नका.

आणि काम झाल्यावर दुसऱ्या मगात उरलेला माल फेकू नका. मगावर तारीख आणि दोन्हींचं वजन मार्करने लिहून ठेवा. तक्रार असेल तर तो मग आणि दोन्ही डबे घेऊन या.